हिरव्या, आता झोप

कॉफीच्या डब्यात, रबरबँड लावून ठेवलेले
तीनशे चाळीस डॉलर. एवढंच भांडवल.
डलुथच्या उतारावरच्या आमच्या घराला
स्वयंपाकघर होतं, म्हणायचं म्हणून:
तपकिरी प्लायवूड, तपकिरी सनमायका,
तपकिरी जमिनीवर तपकिरी फुलं,
आणि खिडकीतलं सरोवर,
नोव्हेंबरात तेही जवळजवळ त्याच वळणावर गेलेलं.

मला हवं होतं एकोणीसशे अडतीस.
म्हणजे मी कधी न पाहिलेलं,
दातांच्या दवाखान्यातल्या मासिकातून
गुपचूप फाडून आणलेलं:
फिक्या हिरव्या रंगाची कपाटं, काचेच्या मुठी,
काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन,
आणि एक बाई. एप्रनवर एकही डाग नाही.
आन्सेल्म म्हणाला,
बाकीचं बघू, हा एप्रन आपल्याला परवडणार नाही.

मग सुरू झाली घासाघीस.
आधी दुकानदारांशी, मग दारांशी.
पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्या वखारीत
सोळा मुठी मिळाल्या, दोन टवके उडालेल्या,
त्या टवक्यांवर मी सहा डॉलर सोडवून घेतले.
रंग मिळाला कुणीतरी परत केलेला, अर्ध्या किमतीत,
झाकणावर त्या माणसाच्या निराशेचा अंगठा.
चर्चच्या तळघरातून दुधी काचेचा दिवा.
जमीन उखडायला पैसे नव्हते,
म्हणून चिकटपट्टी लावून, गुडघ्यांवर,
आम्ही तिच्यावर बुद्धिबळाचा पट रंगवला.
घोडा अडीच घरं जातो,
आन्सेल्म एका रात्रीत अडीच चौकटी.

जुनं ते सोनं म्हणतात.
सोन्यासारखंच ते महाग असतं,
हे कुणी सांगत नाही.

आणि मग मोठ्या भिंतीवरचं प्लायवूड निघालं.
मागे लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर हिरवा.
आमच्या डब्यातला नव्हे, त्याचा थोरला भाऊ,
खोल, चुलीच्या धुरानं पिकलेला.
प्लायवूड उलटं केलं तर पाठीवर
सुतारी पेन्सिलीत, दाबून लिहिलेलं:
हिरव्या, आता झोप.
हिल्मा लुंडीन, मे १९७१.

हिल्मा एक्याण्णव वर्षांची आहे.
टेकडीवरच्या वृद्धाश्रमातून
भाचा तिला घेऊन आला, रविवारी.
दारातच वॉकर थांबला.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मला वाटलं, आता रडेल,
मी रुमालाची घडी शोधू लागले.
ती म्हणाली, अरे देवा, सासू परत आली.

मग बसली, कॉफी घेतली, बिस्किट बुडवलं.
इस्पितळाच्या लाँड्रीत तीन हिवाळे, म्हणाली,
दुसऱ्यांच्या चादरी,
तेव्हा कुठं हे तपकिरी घरात आलं.
त्या पट्ट्यांच्या फटींतलं तूप
मी हेअरपिननं काढायचे.
एका शनिवारी सगळं झाकलं,
आणि रविवारी पहिल्यांदा
या खुर्चीत नुसती बसले.

अंगणात, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत
तिचे तीन हिवाळे उभे होते,
भिंतीला टेकून, पावसात फुगत.
कुणी काही बोललं नाही.
तिनं टवका उडालेली मूठ फिरवून पाहिली,
सुंदर आहे, म्हणाली,
अगदी मनापासून,
दुसऱ्याच्या बाळाला म्हणतात तसं.

हिशेबात अकरा डॉलर उरले.
ती गेल्यावर आन्सेल्म अंगणातून
एक दार आत घेऊन आला, पुसलं,
आणि सिंकखाली, आपल्या जागी, परत बसवलं.
मी नाही म्हणाले नाही.

आता वर्ष होत आलं.
पाहुणे येतात, मुठींचे फोटो काढतात,
ते दार मात्र कोपऱ्यातून कापतात.
आणि मी, शनिवारी सकाळी,
जुना टूथब्रश घेऊन पट्ट्यांच्या फटींत:
पीठ, वाफ, बेकनचा तेलकटपणा,
सोळा मुठींचे एकशे अठ्ठावीस पैलू.
एप्रनवर डागच डाग.
सगळ्यात शेवटी तपकिरी दार.
एक फडका.
झालं.