नीरम

एकतीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या केल्या,
दाल बाजारात, जिन्याखालच्या खोलीत.
मेण, प्लास्टर, गुलाबी ॲक्रिलिक
आणि कानाशी घरघरणारी ती बारीक मोटर.
आता त्याच मोटरीने सागवानाला भोकं पाडतो,
मोहरी शिरेल न शिरेल एवढी.

जहाजाला कणा असतो, त्याला पठाण म्हणतात.
बरगड्यांना वांक.
हे मला ताम्हनकरांनी सांगितलं.
मूळचे देवगडचे, बँकेतल्या बदलीने
थेट लष्करात येऊन पडलेले.
वरचे सगळे दात तेव्हा काढून झालेले,
त्यामुळे शीड म्हणायला जावं
तर तोंडातून नुसता वारा यायचा.
बरोबरच होतं म्हणा.

पाकिटाच्या मागे त्यांनी चित्र काढून दिलं,
तीन डोलकाठ्यांची गुराब.
"नाळ पुढे झेपावलेली हवी, टोकेकर.
अशी उभी नको, कपाटासारखी."
माप दिलं, ॲडव्हान्स दिला,
आणि कवळी न्यायला आलेच नाहीत.
बँकेत विचारलं.
एक म्हणाला बदली,
दुसऱ्याने नुसती मान खाली घातली.

मी समुद्र पाहिलेला नाही.
आमच्याकडे स्वर्णरेखा आहे,
नाव नदीचं, वास नाल्याचा.
तरी बांधली.
फळ्या दुकानाच्या मोडक्या फळीदारातून काढल्या,
दोर टाके घालायच्या रेशमाचे,
नांगर दातांच्या धातूत ओतला.
शिडं अनसूयेच्या चंदेरीची, जरीकाठ तसाच ठेवून;
चहाच्या पाण्यात तिनेच बुडवली,
म्हणाली, कोरं शीड खोटं दिसतं.
मग चष्मा लावून आत डोकावली:
"आणि चूल कुठाय? इतकी माणसं जेवणार काय?"
ताम्हनकरांच्या चित्रात चूल नव्हती.
केली. आत लाल मणी, निखाऱ्याचा.
मग चुलीशेजारी घडवंची,
घडवंचीवर दोन घागरी,
आणि मागच्या काठीपासून मधल्या काठीपर्यंत
वाळत घातलेली एक बंडी.
तोफा राहूनच गेल्या.

भदौरियांचा पिंकेश रोज यायचा.
"अंकल, जे पानी में चलैगो का?"
शेवटी अंगणातल्या हौदात सोडली.
क्षणभर उभी राहिली,
मग सावकाश कुशीवर वळली,
जेवून वामकुक्षीला पडावं तशी.
पिंकेश हसला नाही, त्याचंच वाईट वाटलं.

रात्री आठवलं, खुर्चीत आ वासून बसलेले असतानाच
ते काहीतरी सांगत होते,
आणि मी म्हटलं होतं, बोलू नका, प्लास्टर हलेल.
रिकामं जहाज उभं राहत नाही.
तळाशी दगड भरतात.
त्याला नीरम म्हणतात.

उठून खालचा खण उघडला.
न नेलेली तोंडं, एकेका पुडीवर पेन्सिलीने नाव:
राजावत वकील, खालची.
लोहिया बाजारवाली अम्मा, दोन्ही.
मुंशीजी, उधारी बाकी.
त्यांचे दात चिनी मातीचे, जुने, जड.
चिमट्याने एकेक सुटा केला,
धुतला, पुसला,
पठाणाच्या दोन्ही अंगांना
ओळीत बसवत गेलो.
हात सवयीने दाढा मागे ठेवत होता,
सुळे पुढे.

ताम्हनकरांची कवळी तेवढी फोडवेना.
अख्खीच ठेवली, चुलीच्या खाली,
जागा होती त्या बाजूला.

सकाळी पुन्हा हौद.
पिंकेशने गाल फुगवून फुंकर घातली,
जरीकाठ हलला, बंडी हलली,
आणि गुराब निघाली
ह्या काठाकडून नळाकडे,
अम्मा, वकील, मुंशीजी सगळे पोटात घेऊन.

जराशी डावीकडे कलते.
अनसूया म्हणाली, सरळ करा की.
म्हटलं, असू दे.
तिकडे ताम्हनकर बसलेत.