गळती

उम्म अल क्वैनची खाडी, ऑगस्टची दुपार,
इंजिनाखाली दिवसाला पेलाभर पाणी.
नाखुदा म्हणतो, एवढंसं तर आहे,
लाव एम-सील, संपव.

सोलकर काही बोलत नाही.
होस, क्लॅम्प, पंपाचं पोट
फडक्याने कोरडंठाक पुसतो,
वर पावडर भुरभुरवतो,
न्हाऊ घातलेल्या पोराला लावावी तशी.
मग मला म्हणतो, चालू कर.

बराच वेळ काहीच नाही.
काटा सत्तरवर गेला तेव्हा
पावडरीत एक काळपट ठिपका उमटला.
त्याने तो बोटावर घेऊन जिभेला लावला.
खारट.
म्हणजे रेडिएटरचं नाही, समुद्राचं.
मग कपाळ पुसून पुन्हा एकदा चाखला,
न जाणो, आपलाच घाम असायचा.

पंपाच्या बुडाशी बारीक भोक असतं,
कारखान्यानेच ठेवलेलं.
आतलं सील झिजलं की तिथून थेंब येतो.
"हे बुजवलंस तर पाणी बेअरिंगात जाईल.
गळतंय म्हणून कळतंय, बाबा."

सील उद्या येईल, दुबईहून.
रात्री डेकवरून तो दापोलीला फोन लावतो.
"माझं बरंय," म्हणतो, "तू सांग."
आणि मग नुसता ऐकत राहतो,
मघाशी पंपाशी
कान लावून बसला होता तसा.