सपाट पात्र

तार्तूच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर
एकोणतीस वर्षं शिकवत आले :
एका वाक्यात मावतं ते पात्र सपाट,
चकवतं ते गोल.
फळ्यावर एक रेघ, एक वर्तुळ,
बाहीला खडू.

आईकडे आता एकच वाक्य उरलंय.
“सरपण आत घेतलंस का, हेल्वे?”
वृद्धाश्रमात कसलं सरपण,
भिंतीला गरम पाण्याचे पाइप.
मी रोज म्हणते, घेतलं.

काल मांडीवर पेपरांचा गठ्ठा होता,
तोंडून निघून गेलं :
नाही घेतलं.

ती बराच वेळ बर्फाकडे बघत राहिली.
मग अंगावरची शाल काढून
माझ्या गुडघ्यांवर टाकली,
पेपरांसकट.

आज वर्तुळ काढताना
हात मध्येच थांबला.
पहिल्या बाकावरच्या तावेतने
वहीत तेवढंच उतरवून घेतलं.