उजवा पाय

फॉर्मवर मी लिहिलं: दिशेवरचं नियंत्रण सुटलं.
कारण या रकान्यात दोन ओळींची जागा होती,
त्यातली दीड रिकामीच ठेवली.

मग एसटीनं घरी, उलव्याला,
जिथं चौथ्या मजल्याच्या गॅलरीत
बाबाचं जाळं अजून वाळत असतं
आणि सोसायटीचा सेक्रेटरी दर महिन्याला नोटीस चिकटवतो.
आईनं काही विचारलं नाही.
जिताड्याच्या डोक्याकडची तुकडी माझ्या ताटात आली.
बाबा म्हणाला, उद्या भरती साडेपाचला. ये.

खाडीत मी सांगत गेले, त्याच्याकडं न बघता.
बाबा, ते विमान एवढंसं असतं,
दार लावताना पत्रा थरथरतो.
मी एकटी. शेजारच्या सीटवर
कुणी नसताना बांधलेला पट्टा.
कॅप्टन अंकलेसरिया बाहेर उभे, हातात चहा.
थ्रॉटल पुढं रेटला
आणि नाक डावीकडं निघालं,
हळूच,
बोलता बोलता एखादं माणूस
भलत्याच गोष्टीवर येतं तसं.

तेव्हा उजवा पाय द्यायचा असतो.
वहीत लाल शाईनं लिहिलंय, तीनदा.
दिला, पण उशिरा, आणि एकदम सगळा.
पांढरी रेघ माझ्याखालून डावीकडं पळाली.
घाबरून डावा दिला,
आणि वारा डावीकडूनच होता,
त्यानं शेपूट ढकलून तोंड स्वतःकडं वळवून घेतलं.
कडेचे दिवे गेले, गवत आलं.
गवत इतकं उंच असतं हे वरून कधी कळलं नव्हतं.
एक पातं वाकलं. मला खरचटलंसुद्धा नाही.

बाबानं इंजिन बंद केलं.
चिखलावर निवटे उड्या मारत होते,
तिवरांच्या मुळांत पाणी बुडबुडत होतं.
मग परत चालू केलं, म्हणाला,
सुकानूचा दांडा धर. आता सोर.
सोडला.
होडीचं नाक डावीकडं निघालं,
हळूच.
"बग. यी पन डावीकरंच जाते. पंखा फिरला का जाते.
तिचा गुन्हा नाय."

त्यानं दांडा परत घेतला.
तेव्हा दिसला मला त्याचा अंगठा,
दाबलेला, सतत, थोडासा,
इतका थोडा
की लहानपणापासून मी तो
नुसता ठेवलेला समजत होते.

आणि नाहीच ऐकलं तर?
"तं इंजिन मारून टाकाचा. कनाला भांडाचा तिच्याशी?"

हेच कॅप्टनही म्हणाले होते. थ्रॉटल मागं घ्यायचा, बस.
मला सुचलंच नाही, असं त्यांना सांगितलं.
सुचलं होतं.
पण साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून
बाबानं माझे तास घेतलेत,
आणि माझ्या मुठीतली ती काळी मूठ
मागं घेणं म्हणजे
हे मी होडीत बोलले नाही.
दीड ओळ तिथंही रिकामी राहिली.

एवढ्यात डोंगराच्या बाजूनं
एक मोठं विमान वर चढलं,
जिथं आमच्या खाचरांचे बांध होते त्याच्यावरून,
सरळ, आखल्यासारखं.
बाबानं डोळ्यांवर हात धरला.
"त्या नाय वलत?"
त्याला दोन इंजिनं असतात, बाबा.
"मंग बरा हाय त्याचा,"
आणि जाळं ओढायला लागला.

परतताना वारा फिरला.
मी पुढच्या फळीवर बसलेले,
आणि माझा उजवा पाय
लाकडावर रुतत चाललेला,
घोट्यापर्यंत ताठ.
होडीला त्याचं काही नव्हतं.
बाबा बराच वेळ बघत होता बहुतेक.
"पोरी," म्हणाला,
"ती फली कुजलंय. जोर नको देव."