गुण्यात नाही

सोमवारी धुवायचं, मंगळवारी वाळू द्यायचं,
बुधवारी भेगा भरायच्या. रंग त्यानंतर,
दव उठल्यावर, दहाच्या पुढे,
आणि समुद्रावरून वारा नसेल तरच.
हाइनोमामाच्या वहीत असं सगळं आखलेलं.
जूनमध्ये हापसालूत रात्र नीट होत नाही,
दव मात्र पडतं.

कोर्ट एकच. अठ्ठ्याहत्तर साली घातलेलं,
मासळीच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी.
कारखाना गेला. कोर्ट राहिलं,
आणि रेघा इतक्या पुसट
की दोन्ही बाजूंनी खरं बोलून भांडता यावं.

टेपचं दुसरं टोक माझ्याकडे.
जाळीपासून बेसलाइन: अकरा अठ्ठ्याऐंशी.
एक कर्ण: सोळा सतरा.
दुसरा: सोळा चौदा.
मामा गुडघ्यांवरून उठला, टेप झटकला,
पुन्हा मोजायला लावलं.
सोळा चौदा.
"गुण्यात नाही," तो म्हणाला,
एवढंच, आणि थर्मासचं झाकण फिरवत बसला.

डाव्या कोपऱ्यात रेघ चार सेंटिमीटर आत.
इतकी वर्षं.

संध्याकाळपर्यंत बेकरीत कळलं.
मग ज्याला त्याला आपापला चेंडू आठवला.
पोस्टातल्या अर्वोला तर तीन आठवले.

माइमू आजी काठी टेकत आल्या, एक्याऐंशीच्या.
ब्याऐंशीची फायनल त्या इथेच हरल्या, वाइकेकडून,
आणि दोन वर्षं शेजारीण असून बोलल्या नाहीत.
वाइके आता नाही.
"कुठे येणार नवी रेघ?"
मामाने खडूची सुतळी ताणून दाखवली.
आजींनी काठीचं टोक टेकवलं
रेघेच्याही पलीकडे, चांगलं वीतभर.
"इथे पडला होता," म्हणाल्या.
"तेव्हा मी फार ओरडले होते."

कुणी काही बोललं नाही.
मामाने सुतळी सोडली, टप्,
हिरव्यावर निळी धूळ उठली, बसली.

चिकटपट्टी लावताना तो मला सांगत होता:
कडा अंगठ्याने दाब, नाहीतर रंग आत शिरतो.
काढताना ओला असतानाच काढ, हळू,
आपल्याकडे ओढून.
जुनी रेघ हिरव्याच्या दोन हातांखाली गेली,
तिरक्या उन्हात मात्र अजून दिसते,
तिसऱ्या हाताला डबा पुरणार नाही.

रात्री अकराच्या उजेडात वहीत लिहिलं त्याने:
गुरुवार. ढग.
पाऊस आला तर
सोमवारपासून.