रिकामी चोच

शिरोलीत, आमच्या फौंड्रीच्या मागं
जळक्या वाळूचा ढीग आहे.
दोन पावसाळे खाऊन असा बसलाय
की पहारीलाही दाद देत नाही.
त्याच्या उभ्या कडेला मार्चमध्ये एक भोक दिसलं.
उंदराचं असंल, दस्तगीर म्हणाला.
तेवढ्यात आतून मागच्या मागं वाळू उडाली
आणि बाहेर आली हिरवी शेपटी,
टोकाची तार घासून झिजलेली.

वेडा राघू.

बावीस वर्षं मी वाळूत पोकळ्या राखतोय.
कोर बसवायचा, पेटी झाकायची,
हवेला वाट ठेवायची, मग रस ओतायचा.
ह्याच्याकडं ना पॅटर्न, ना पेटी,
आणि पोकळी राखून
तिच्यात काही ओतायचंही नाही.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या मेव्हण्याकडनं
हप्त्यानं घेतलेला कॅमेरा.
रविवारी भोकासमोर बैठक मारली.
राघू तारेवर, चोचीत चतुर.
काय पोज दिली पठ्ठ्यानं! त्रेचाळीस फोटो.

रात्री एकेक बघत गेलो.
त्रेचाळीसही फोटोंत तोच चतुर.
पहिल्यात पंख चार,
विसाव्यात तीन,
शेवटी नुसती काडी.
ढिगाच्या पोटात तेवढा वेळ कोण ओरडत होतं
ते कॅमेऱ्यात येत नाही.

पुढच्या रविवारी कॉम्प्रेसरच्या शेडआड गेलो,
जिथनं तार दिसते, भोक दिसत नाही.
मिनिटात राघू खाली उतरला.
दोन पावलं पुढं सरलो, भोक दिसलं,
राघू परत तारेवर.
मागं सरलो. गेला.
म्हणजे मला काय दिसतंय
ह्याचा हिशेब त्याच्याकडं होता.
आणि ह्याला वेडा म्हणतात.

मे महिन्यात चौगुल्यांचा डंपर आला.
म्हटलं, ही कड पंधरा दिवस सोडा, आत पिल्लं आहेत.
दाखव की फोटो.
पिल्लांचा नव्हता. चतुराचे दाखवले.
बोटानं सरकवत ते शेवटापर्यंत गेले.
भरवत का न्हाई रं?
मी समोर बसलो होतो म्हणून.
त्यांनी मोबाईल परत दिला,
ड्रायव्हरला हाक मारली,
पलीकडनं भर म्हणाले.

आता रविवारी शेडआड, ढिगाकडं पाठ.
राघू चतुर घेऊन उतरतो, मी गप.
वर येऊन तारेवर चोच घासतो,
तेव्हा एक फोटो काढतो.
घरात विचारतात, ह्यात काय आहे?
चोच.
बघा नीट,
रिकामी आहे.