पातेलं, तांब्याचं

गाडा ढकलत मी पेट्या आणतो.
एकतीस वर्षं झाली.
चाक कुरकुरतं, तेल घालायचं राहूनच जातं,
त्यामुळे मी येतोय हे अभ्यासकांना आधीच कळतं
आणि शाईची पेनं खिशात जातात.
इथे फक्त शिसपेन्सिल.

व्हीबके ऑक्टोबरपासून येते.
पहिल्या आठवड्यात तिला एक ओळ लागेना.
तेव्हाच्या लिपीत ए आणि एन म्हणजे दोन-दोन सारख्याच काड्या,
त्यात कारकुनाला घाई.
मी काही शिकलेला माणूस नाही.
मिठाच्या कारखान्यात खारं पाणी उकळायचो,
तो बंद पडला म्हणून इथे आलो.
पण इतकी वर्षं लोकांच्या खांद्यावरून वाचलं
की अक्षरं ओळख देऊ लागतात,
लग्नात भेटणाऱ्या लांबच्या नातलगांसारखी.
म्हटलं, "तो एन नाही, ए आहे."
तेव्हापासून अडलं की ती मान वर करते, एवढंच.

तिचा विषय: युद्धकाळातला नगराचा महसूल.
प्राध्यापकांनी दिलेला.
कोणता राजा कोणत्या पंथाचा,
कोणाची फौज कोणत्या वेशीतून,
वहीच्या पहिल्या पानावर बाणच बाण.
संध्याकाळी दुसरा वर्ग असतो, जुन्या महाकाव्यांचा.
तिथे म्हणे नुसत्या एका ढालीच्या वर्णनात
तास संपतो.
जिन्यात सफरचंद खाता खाता सांगत होती.

मग पेटी दोनशे सतरा.
सन सोळाशे सदतीस, गेस्के नावाची बाई,
दोरखंड वळणाऱ्याची विधवा.
शिपायांनी माझं तांब्याचं पातेलं नेलं.
ते नगरसभेच्या कोठारात मी डोळ्यांनी पाहिलं.
ते मला परत मिळावं.
अडतीस साली पुन्हा.
एकोणचाळीस साली पुन्हा, आता वजनासकट,
आणि काठाला पोचा आहे तोही.
चाळीस साली: डावी कडी
माझ्या नवऱ्याने डाख देऊन बसवलेली आहे,
डाख वाकडा आहे, कोणीही ओळखेल.

प्रत्येक अर्जाखाली कारकुनाचा एकच शब्द: वाचला.
एकेचाळीस साली अक्षर बदलतं.
जुन्या कारकुनाचं काय झालं, कागद बोलत नाही.
नवाही लिहितो: वाचला.
त्यानंतर अर्ज नाही.

महसूल राहिला बाजूला.
थंडीभर ती पातेलंच शोधत होती,
बोटं काळी, मफलर खुर्चीवरून लोळतोय.
मसुद्यात तिने गेस्केला एक तळटीप दिली.
प्राध्यापक हार्बेकांनी ती खोडली,
समासात लिहिलं: याने काय सिद्ध होतं?
व्हीबकेने तो कागद मला दाखवला,
जणू उत्तर गाड्यावर असेल.

आज पाचला पाच कमी असताना तिने विचारलं,
"मेली असेल का हो ती?"
मी म्हटलं, "किंवा पातेलं मिळालं असेल.
मिळाल्याचा अर्ज कोण करतं?"
ती हसली. पेन्सिलीला टोक नव्हतं तरी
काहीतरी लिहून घेतलं.

दिवे मालवत मी तळघरात गेलो.
पेटी तीनशे चार, खालचा कप्पा.
अकरा वर्षांपूर्वी फाटलेली दोरी बदलताना
ती माझ्या हातात उघडली होती.
नगराध्यक्ष वारला, सन सोळाशे एक्कावन्न,
घरातल्या वस्तूंची यादी:
चांदीचे चमचे बारा, पलंग, आरसा,
आणि स्वयंपाकघरात, ओळ अठ्ठावीस,
पातेलं एक, तांब्याचं, काठाला पोचा,
डावी कडी वाकड्या डाखाची.

न मागितलेली पेटी द्यायची नाही,
हा इथला नियम, दारावर लावलाय.
मी अकरा वर्षं पाळला,
आणि आज तर वर खोटंही बोललो.

गाड्यावर उद्याच्या पेट्या लावून ठेवल्या आहेत.
तीनशे चार सगळ्यात वर.
सकाळी लवकर येईन.
चाकाला तेल घालायचं आहे.